जनकामायची जीभ

आमच्या गावात कोणाच्या धुऱ्या-बांधावर दोडक्याचा येल आपोआप उगवला, तं त्याचा पहिला दोडका कोणी सरळ चुलीवर चढवत नसे. आधी त्याचा शेंडा कापायचा, पळसाच्या पानात ठेवायचा अन् जनकामायच्या दारी न्यायचा. ती तो शेंडा जिभेवर ठेवे, डोळे मिटे, अन् एकच शब्द बोले. गोड म्हटलं तं भाजी. कडू म्हटलं तं दोडके उकिरड्यावर, अन् येलही मुळासकट उपटून टाकायचा. ग्रामसभेत लोक चार-चार घंटे भांडत, पण तिच्या शब्दावर कोणी तोंड उघडत नव्हतं.

मी धम्मशीला, गावची आशा. उंद्रीहून चार किलोमीटर आत आमचं गाव. कोणाले कितवा महिना, कोणाची शुगर वाढली, कोण गोळ्या खात नाही अन् खाल्ल्या म्हणून सांगते, सारं मले माहीत असते. लोक म्हणतात, धम्मशीलाच्या पोटात गोष्ट राहते. राहिली ना बाई! लय चांगली राहिली. म्हणून तं आज हे सांगत बसली आहे.

जनकामाय माझ्या नात्याची नाही. आमचं घर एकाच वस्तीत, मधात फक्त बुद्धविहाराची भिंत. माझी आई लवकर गेली, तं माझ्या दोन्ही बाळंतपणात डिंकाचे लाडू जनकामायनं केले अन् पोरायच्या टाळूवर तेलही तिनंच घातलं. मी तिले माय म्हणे अन् तिच्या मालकाले, पंजाबरावले, बाबा म्हणे. त्यांचा पोरगा संघर्ष तिकडे चाकणले कंपनीत. घरात हे दोघंच.

बहात्तरच्या दुष्काळात ती सात-आठ वर्षांची होती. तिची आई रोज लेकरं घेऊन रानात जाय, अन् काय खाल्लं तं जगतो, काय खाल्लं तं ओकतो, हे एकेक पान तोंडात घालून शिकवे. तरोट्याचा पाला असा, कुंजराचा असा. शेरण्या, रानकाकडीसारखी बारकी फळं, पिकल्या की त्यांचा वास सुटते, पण कच्ची चावली तं तोंड वाकडं होते. देवडांगरीच्या फळाले काटे असतात, ते कडूजहर, तिच्या वाटेले जायचं नाही. एकदा थोरल्या भावानं भुकेपोटी कसलंसं फळ न चाखता गिळलं. तो दोन दिवस ओकत होता. तेव्हापासून आईनं नियम केला, आधी जिभेचं टोक, मंग दात, मंग पोट. जनकामाय शाळेत गेली नाही, पण हा नियम तिनं पन्नास वर्षं मोडला नाही.

शेरणी, काटवल, देवडांगरी या साऱ्या डोळ्यानं ओळखता येतात. खरी पंचाईत दोडक्याची. रानातला कडू दोडका आखूड असते, पान खरबरीत असते, हे बारकं पोरगंही सांगते. पण भुंगे काही जात-पात पाहत नाहीत. परसातल्या दोडक्याच्या फुलावर रानातल्या दोडक्याच्या फुलाची धूळ पडली, की पुढच्या वर्षी त्या बीतून असा येल निघते की पान तेच, फूल तेच, लांबी तीच, धारा त्याच. अन् आत जहर. डोळे तिथं कामाचे नाहीत. जीभच पाहिजे.

अन् जीभ पाहिजे म्हणून अन्नपूर्णाबाई आमच्या वस्तीत येत. महादेवराव पाटलांची बायको. यांच्या सासूच्या राज्यात आमच्या बायायनं ओट्याले हात टेकला तं ओटा धुवून काढत. आता तसं राहिलं नाही, पण अगदीच गेलं असंही नाही. अन्नपूर्णाबाई शेंडा घरूनच कापून आणत. काऊन? तं जनकामायचं उष्टं बाकीच्या दोडक्याले लागू नये. तिच्या हातचा चहा कधी घेत नसत, "आत्ताच झाला व" म्हणत. मले याचा इतका राग येई की काय सांगू!

मी एकदा म्हटलंही, "माय, तिले सांग ना, चहा घेशीन तं चाखीन."

ती हसली. "येडी हायेस काय? माह्या मायनं तिच्या सासूच्या दारात उभं राहून ताक मांगतलं. आता मी गोड म्हनत नाही तंवर पाटलीन माह्या दारात उभी राह्यते. अजून काय पाह्यजेन तुले?"

तिले वावर नव्हतं, दागिना नव्हता. दुसऱ्याच्या वावरात निंदण करून हाताले घट्टे पडलेले. सारं गाव तिच्या दारात येई ते या एका जिभेपायी, अन् हे तिले चांगलं माहीत होतं.

२०२१ च्या एप्रिलात ती बिमारी आमच्या गावात शिरली. मी ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरून राह्यली होती. जनकामाय अन् बाबा दोघंही पडले. बाबा आठ दिवसात उठले. माय पंधरा दिवस खाटेवर होती, पण तीही उठली. मी म्हटलं, चला, सुटलो.

मे महिन्यात एक दिवस तिनं मले आत बोलावलं, दार लोटलं. वाटीत कडुलिंबाचा पाला होता. तिनं मूठभर पाला तोंडात घातला अन् माझ्याकडे पाहत चावत राहिली. तोंड वाकडं नाही, डोळा बारीक नाही.

"काईच नाही लागत व, धम्मशीला," ती म्हणाली. "मिरची चावली तं झोंबते. बाकी काईच नाही. मीठ नाही, साखर नाही, कडू नाही. माती खाल्ल्यासारखं लागते."

मी माझ्याजवळ होतं ते सारं सांगितलं. लोकायची चव जाते, महिन्यात, दोन महिन्यात परत येते. वर्षानं आली असंही ऐकलं. ती ऐकत होती. मंग तिनं माझा हात धरला अन् स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"कोनाले सांगजो नोको. तुह्या बाबालेबी नाही. शपथ हाये तुले माही."

मी शपथ घेतली. चव येईनच परत, असं मले खरंच वाटत होतं.

आली नाही. पाऊस पडला, येल उगवले, अन् एक दिवस अन्नपूर्णाबाई वाळकाचा शेंडा घेऊन दारात उभ्या. मी तिथंच बसली होती. जनकामायनं शेंडा जिभेवर ठेवला, नेहमीसारखे डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले. मंग म्हणाली, "गोड हाये. खा."

त्या गेल्यावर मी तिच्यावर उखडली. "माय, कोणाचं बरंवाईट झालं तं?"

"कसं होईन? कडू असन तं खानाऱ्याले समजन ना. घास तोंडात घालताच थुंकन. जानून कोन कडू खाते व, सांग मले?"

खरंच, जाणून कोण कडू खाते? लहान लेकरूही थुंकते. मी म्हटलं, चालू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण एक माणूस जाणून खात होता, ते मले दिसत होतं. बाबा. मी दुपारी त्यांच्या घरी गेली की कधी-कधी तिथंच जेवे. एकदा वरणात मीठ इतकं, की पहिल्या घासाले माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून वरणात भाकर चुरून खात होते. मायनं विचारलं, "मीठ बराबर हाये ना?" बाबा म्हणाले, "एक नंबर." मीही म्हणाली, "एक नंबर, माय." मंग घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली.

म्हणजे बाबांले समजलं होतं. समजणार नाही तं काय? बावीस वर्षांचा तरणा पोरगा होता तेव्हापासून एकाच बाईच्या हातचं खाणारा माणूस तो. पण तिनं त्यायले सांगितलं नव्हतं, म्हणून त्यायनं तिले विचारलं नाही. मले शपथ होती, म्हणून मी त्यायले बोलली नाही. अन् त्यायले वाटे की हे फक्त त्यायलेच ठाऊक आहे. तीन माणसं एका गंजातलं, एकाच पातेल्यातलं जेवत होते अन् प्रत्येकजण कोणापासून ना कोणापासून लपवत होता. काय येडेपणा म्हणावा!

नंतर-नंतर मी जेवायले थांबायचं टाळलं. खारट खाण्याचं दुःख नव्हतं. बाबांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मी गेली की ते घाईनं जेवत, पटापटा. माझ्या ताटात काही पडायच्या आत गंज रिकामा करत. "आज लय भूक लागली व पोरी," म्हणत. मले समजे. माझ्या जिभेले कळलं तं गावाले कळेल, अन् गावाले कळलं तं तिच्या दारात कोणी येणार नाही, हे भेव त्यायले होतं. मी मनात म्हणे, बाबा, मले माहीत आहे हो, कायले जीव काढता? पण म्हणाली नाही. उद्या म्हणू, परवा म्हणू. शपथ तिची होती, ती मोडायचा धीर होत नव्हता.

२०२२ चा भादवा. त्यांच्या घरामागच्या काट्याच्या कुपाटीवर एक येल आपोआप चढला. पानं मोठी, हिरवीगार, सांजच्याले पिवळी फुलं. मायले भल्ला आनंद. चाकणहून संघर्ष पोळ्याले आला होता, त्याले तिनं तो येल दाखवला. म्हणाली, पाय, न पेरता आला. दोडके हातभर लांब लागले, धारा अशा की बोट फिरवावं. रानदोडका कुठं हातभर असते? तिनं डोळ्यानं पाहिलं, पान चुरगाळून नाकाजवळ नेलं. नाक तं जिभेच्या आधीच गेलं होतं. मंग रिवाज म्हणून शेंडा कापला, जिभेवर ठेवला, अन् स्वतःलेच म्हणाली, गोड हाये.

हे मले तिनंच नंतर सांगितलं.

त्या दिवशी मी लसीच्या यादीसाठी वस्तीत फिरत होती. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. त्यांच्या दारातून जाताना मायनं हाक मारली, "धम्मशीला, बस व. दोडक्याची भाजी केली, घरच्या येलाची. दोन घास खाऊन जाय."

मी उंबऱ्यापाशी टेकली. बाबा जेवत होते. त्यायनं माझ्याकडे पाहिलं, अन् गंज स्वतःकडे ओढला. उलथनं घेऊन तळाची सारी भाजी आपल्या ताटात घेतली अन् तळ खरडून काढला.

"सरली," ते म्हणाले. "आज अशी झाली का बोटं चाखत राहावं. मी सारी संपवली, राग नोको मानू पोरी."

"काय हे! पोरगी दारात आली अन् तुमी हावऱ्यासारखे!" माय खेकसली, पण खूश होती. मलेही मनातून बरं वाटलं की सुटलो, खारट असेल भाजी. मी हसली, जयभीम केला अन् पुढच्या घरी गेली. मायनं मंग चटणीसंग भाकर खाल्ली.

दोन वाजता माय धावत माझ्या घरी आली. बाबा ओकून राह्यले होते. मी गेली तं ओकारीत रक्ताच्या गुठळ्या, खालूनही चालू. हातपाय थंडगार. मी गाडीले फोन लावला. गाडी येईपर्यंत त्यायले कुशीवर निजवलं, मीठ-साखरेचं पाणी थेंब-थेंब दिलं, ते सारं बाहेर. त्यायले आधीच बीपीच्या गोळ्या, गेल्या साली छातीचंही दुखणं झालेलं. चिखलीले नेलं, तिथून बुलढाण्याले.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यायनं पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" मी दोडका म्हटलं, अन् तो शब्द तोंडातून निघताच मले सारं समजलं. खारट नव्हती ती भाजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जरा बोलायले लागले. मी उशाशी उभी होती. माय रात्रभर बसून थकून खाली फरशीवर, खाटेच्या पायथ्याशी टेकली होती. डॉक्टर आले.

"बाबा, भाजी कडू नाही लागली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, जरा बाहीर जाय."

मी हिरव्या पडद्यामागं झाली. माय त्यायले खाटेवरून दिसत नव्हती. त्यायले वाटलं, आता कोणी नाही.

"लागली सायेब. लयच कडू होती."

"मग थुंकायची ना! अख्खी खाल्ली कशाला?"

"तिले चव समजत नाही सायेब. त्या बिमारीपासून. कोनाले माहीत नाही हे. कडू म्हटलं असतं तं तिचं मन तुटलं असतं. अन् तेवढ्यात ती पोरगी आली जेवाले. तिच्या ताटात पडली असती तं गावभर झालं असतं, का जनकाची जीभ गेली. मले वाटलं, लय झालं तं एखादी ओकारी होईन." मंग थांबून, दम घेऊन म्हणाले, "तिले सांगजा नोका बरं."

डॉक्टरनी नजर खाली वळवली. त्यायले खाली बसलेली माय दिसत होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता. एक हुंदका बाहेर पडू दिला नाही तिनं, कारण तो ऐकला असता तं त्यायले कळलं असतं की तिनं ऐकलं. मी पडदा धरून उभी राहिली. मले तेव्हाही आत जाऊन बोलता आलं नाही.

त्यांचं बीपी काही वर आलं नाही. मंग लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

बाबांच्या मागं पुण्यानुमोदन ठेवलं, त्या दिवशी सारं गाव आलं. अन्नपूर्णाबाई पहिल्यांदाच आमच्या वस्तीत खाली सतरंजीवर बसल्या. जाताना त्यायनं मले विहाराच्या भिंतीआड नेलं.

"धम्मशीला, आमाले ठाऊक होतं व. गेल्या साली तिनं वाळूक गोड सांगतलं, अन् ते कडूजहर निघालं. तवापासून तिनं गोड म्हटलं तरी आमी घरी पुन्हा चाखतो. वस्तीतल्या बाकीच्याही चाखतात. मी म्हटलं, तिचं मन काऊन मोडाचं? शेंडा नेत राहाव. तेवढाच तिले मान."

माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे साऱ्या गावाले माहीत होतं! साऱ्यायनं आपापल्या घरी पुन्हा चाखलं, आपापली लेकरं वाचवली, अन् वर तिचा मानही राखला. जो कडू लागूनही खात राहिला तो एकच माणूस मेला. मी तोंड उघडलं होतं पाटलीनबाईले बोलायले. पण कोणत्या तोंडानं बोलणार होती मी? चाळणीनं सुईले भोक दाखवायची गत. ज्या गुपितापायी बाबांनी तो गंज खरडला, ते गुपित उंबऱ्यावर बसलेल्या माझ्यापासून लपवायचं होतं, अन् मले ते सव्वा वर्षापासून माहीत होतं. एकदा, फक्त एकदा, "बाबा, मले ठाऊक हाये" म्हटलं असतं! दोघं मिळून हसलो असतो, अन् ती भाजी उकिरड्यावर फेकली असती. मायले काहीतरी सांगितलं असतं, बोका उलथवून गेला म्हणून.

संघर्ष मायले चाकणले न्यायले आला, ती गेली नाही. निंदणाले जाणं सोडलं. कुपाटीवरचा येल मी उपटला, तिनं हात लावला नाही. चुलीवर फक्त भात, अन् तोही ताटात घेऊन नुसती बसून राहते. शेंडे घेऊन कोणी येत नाही आता. रस्त्यात बाया तिले पाहून मुकाट्यानं बाजूले होतात. कोणी वाईट बोलत नाही. पण कोणी हाकही मारत नाही.

पुढच्या भादव्यात मले राहवलं नाही. माझ्या परसात दोडका लागला होता, विकतच्या बियाचा. मी तो आधी स्वतः चाखला, दोनदा चाखला. गोड होता, साखरेसारखा. शेंडा कापून पानात घातला अन् तिच्याकडे गेली. काऊन गेली? तिनं एकदा गोड म्हणावं, अन् ते खरं निघावं, एवढ्यासाठी. दुसरं काही मले सुचलंच नव्हतं.

तिनं शेंडा घेतला. जिभेवर ठेवला. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे पाहत होती.

"कडू हाये," ती म्हणाली. "फेकून दे."

"माय, गोड हाये व हा," मी म्हटलं. "मी चाखून आणला."

तिनं शेंडा जिभेवरून काढून हातात धरला.

"आज बरी बोलली तू."

"माय..."

"त्यायनं गंज खरडला तवा तू उंबऱ्यावर बसेल होती. तुले माहीत होतं का ते काऊन खरडून राह्यले."

"हाव."

"मंग तवा बोलाचं होतं ना व, बाई. शपथ माही होती. मोडली असती तं मी मेली असती. मी मेली असती तं चाललं असतं."

मी तिच्या पायाशी खाली बसली. ती मले रागावली नाही, तिनं हातही झटकला नाही. थोड्या वेळानं तिनं तो शेंडा पानात गुंडाळून माझ्या हातात परत दिला.

"जाय घरी," ती म्हणाली. "पोरं शाळेतून आले असतीन."